तेरा प्लेटींची बॅटरी

अमडापूरच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव गाडीच्या पुढे वाकून हँडल मारत होते. तीन वेळा मारलं, इंजिन नुसतं खोकलं. चौथ्या वेळी हँडलनं असा उलटा झटका दिला की उकंडराव मनगट धरून तिथंच मातीत बसले.

मंजुळाबाई गाडीच्या मागच्या दारात चहाची भांडी घासत होत्या. नवऱ्याचा आवाज ऐकून त्या राखेच्या हातांनीच धावत पुढे आल्या.

"काय झालं?"

"काई नाई."

"काई नाई कसं? हात सुजून राह्यला पाहा."

उकंडराव ऑइल इंजिनांचे मिस्त्री होते. विहिरीवर इंजिन बसवणारे शेतकरी त्या काळात वाढत होते आणि ती दुरुस्त करणारे मोजकेच होते. म्हणून अकरा वर्षांपूर्वी उकंडरावांनी लढाईनंतर मोडीत निघालेली लष्कराची जुनी दवाखाना-गाडी घेतली, आतल्या जखमींच्या फळ्या काढल्या, एका अंगाला खाट ठोकली, दुसऱ्या अंगाला हत्यारांचं कपाट केलं. चूल मागच्या दारापाशी. तेव्हापासून हे जोडपं चिखली, मेहकर, खामगाव या तिन्ही तालुक्यांत हिंडत होतं. एका गावात दोन दिवस, दुसऱ्यात चार. मूलबाळ नव्हतं. घर होतं ते जानेफळला, उकंडरावांच्या थोरल्या भावाचं, नारायणरावांचं. त्यात यांचाही वाटा होता, पण मुक्काम गाडीतच.

बॅटरी महिन्याभरापासून रडत होती. सेल्फ मारला की नुसती टकटक. म्हणून रोजचं हँडल. आज हँडलनं हातच घेतला.

बाजारपेठेतल्या पाच-सात जणांनी धक्का मारला तेव्हा गाडी सुरू झाली. उकंडरावांचा उजवा हात कामाचा नव्हता. डाव्या हातानं चाक धरलं तर गियर कोण बदलणार? ते नुसते बसून राहिले, तशा मंजुळाबाई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी दांड्यावर हात ठेवला.

"सांगा, कुठं ओढू."

"तुले नाई जमणार."

"अकरा वर्षं शेजारी बसून पाहून राह्यली. सांगा."

खामगावपर्यंत तसेच गेले. उकंडराव क्लच दाबून म्हणायचे, "आता दोन," की मंजुळाबाई दांडा मागे ओढायच्या. एक-दोनदा गियरचे दात करकरले. उंद्रीपाशी समोरून ट्रक आला तेव्हा गाडी कडेला घ्यावी लागली. पण गाडी कुठं बंद पडू दिली नाही.

खामगावात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हात पाहिला. हाड शाबूत होतं, शीर ताणली होती. पट्टी बांधून गळ्यात झोळी दिली आणि पंधरा दिवस हाताला आराम सांगितला. तिथून गाडी थेट वहाब मिस्त्रीच्या वाड्यासमोर आली.

वहाबचं बॅटरीचं दुकान म्हणजे कापसाच्या जिनिंगच्या मागची एक पत्र्याची पडवी. मागे घर, मध्ये अंगण. पडवीत तेजाबाचा वास, कोपऱ्यात डांबराचा डबा, भिंतीशी ओळीनं बॅटऱ्या. उकंडरावांची नि त्याची दहा वर्षांची ओळख. त्यानं झोळीतला हात पाहिला, काही विचारलं नाही, आतून एक वेताचा मोढा आणून त्यांना बसवलं. मग मंजुळाबाईंना म्हणाला, "भाभी, तुम्ही अंदर घरात बसा. घरवाली गौसिया हाये. इथं तेजाबाचं काम, साडीवर उडालं तं छेद पडते."

"बॅटरी माह्या खाटेखाली बसते, वहाबभाई," मंजुळाबाई म्हणाल्या. "मी इथंच बसतो."

वहाबनं मान हलवली आणि गाडीत चढला. गादी उचलली, फळी सरकवली, बॅटरी काढून पडवीत आणली. बुचं उघडून त्यानं काचेची नळी एकेका घरात बुडवली. पहिल्या घरात आतला तरंगता काटा वर आला. दुसऱ्यात अर्धा आला. तिसऱ्या घरात नळीत ओढायला पाणीच नव्हतं. त्यानं आत डोकावून पाहिलं.

"प्लेटी उघड्या पडल्या, भाऊ. पांढऱ्या झाल्या. पाणी कधी टाकलं होतं?"

"टाकलं असंन," उकंडराव म्हणाले.

"चार-पाच महिने तं झाले."

उकंडराव रस्त्याकडे पाहत राहिले. मंजुळाबाईंनी मात्र नवऱ्याकडे पाहिलं. दर बुधवारी गादी उचलून, बाटलीतलं शुद्ध पाणी थेंब थेंब टाकणारा हा माणूस. लोकांच्या इंजिनात कोणी गाळण न लावता तेल ओतलं तर दिवसभर न बोलणारा. त्यानं स्वतःच्या गाडीची बॅटरी वाळू दिली? त्यांनी मनात मागे मोजून पाहिलं. दिवाळीनंतर गादी उचललेली त्यांना आठवेना. त्यांना वाटलं होतं, आपण नदीवर धुणं धुवायला जातो तेव्हा करत असतील.

वहाब हात पुसत म्हणाला, "आता तीन रस्ते हायेत. एक, हीच खोलतो, तिसऱ्या घरात नव्या प्लेटी टाकतो. पावसाळ्यापर्यंत चालन, जास्त नाई. दुसरी, ही अकरा प्लेटींची नवी. तुमच्या पेटीत बरोबर बसते. तिसरी, ही तेरा प्लेटींची. व्होल्ट तेच, पण ताकद जास्त. थंडीतही एका सेल्फवर इंजिन उठवन. फक्त हे पाहा, उंच हाये. पेटीत बसत नाई."

"कोणती चांगली?"

"चांगली तं तेरावालीच. पण तुम्ही मले सांगा, गाडी अजून किती वर्षं फिरवायची? त्याच्यावर हाये."

उकंडरावांनी फार वेळ घेतला नाही. "जुनीच कर दुरुस्त. पावसाळ्यापर्यंत चालली म्हणजे झालं."

"अन मंग?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"मंग काय?"

"पावसाळ्याच्या नंतर काय?"

वहाबनं एकदा उकंडरावांकडे, एकदा मंजुळाबाईंकडे पाहिलं आणि "मी चहाचं सांगून येतो," म्हणून अंगणात गेला. चहा सांगायला लागतो त्याहून बराच वेळ तो आत राहिला.

"नारायणदादानं दोन खोल्या रिकाम्या केल्या," उकंडराव शेवटी म्हणाले. "मी त्याले सांगून ठेवलं. पावसाळ्यात गाडी विकून टाकू."

"मले न इचारता?"

"इचारलं असतं तं तू नाईच म्हटली असती. दिवाळीले तू महिनाभर जानेफळले राह्यली, तवा तुह्या तोंडावर कशी तरतरी आलती. वैनीले म्हणे, इथं झोप चांगली लागते. मी आइकलं ना. मले वाटलं, या बाईले म्या अकरा वर्षं डब्यात कोंडून ठेवलं."

"मले ताप होता," मंजुळाबाई म्हणाल्या. "तापातून उठलेल्या माणसाले कुठंही झोप लागते. अन हातात आयतं ताट मिळालं तं कोणाच्याही तोंडावर तरतरी येते."

"म्हणजे तुले तिथं नाई राहाचं?"

मंजुळाबाईंना खोटं बोलायचं नव्हतं. "पावसाळ्यात मले नाई होत आता. वरचा टप गळते, चूल पेटत नाई, गुडघे धरतात. ते खरं हाये. दोन वर्षं झाली, तुमाले सांगितलं नाई. पण बाराही महिने जानेफळ? तिथं मी वैनीच्या चुलीपाशी पाव्हणी. भाजीत मीठ किती टाकू, हेही इचारा लागते. गाडीतली चूल माही हाये." त्यांनी गाडीकडे बोट केलं. "अन माह्या त्या बियांच्या पुरचुंड्या? अमडापूरच्या झुंबरबाईच्या वांग्याचं बी मी लव्हाळा गावाले नेऊन देतो, तिकडच्या दोडक्याचं इकडं आणतो. बाया वाट पाहतात माही. तुमाले वाटते, लोकं फक्त मिस्त्रीची वाट पाहतात."

उकंडरावांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. झोळीतल्या हाताकडे पाहत ते म्हणाले, "मिस्त्रीची तरी कोण पाहते आता? माह्या हातात जोर नाई राह्यला. हँडलचं सोड. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबतो तं हात थरथरते. जानरावच्या मळ्यात परवा त्यानं पाह्यलं अन मान फिरवून घेतली. मले लाज वाटू नये म्हणून. तेच जास्त लागलं."

"मले माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

"थरथरते ते. नट खाली पडते, तवा तुमच्या आधी उचलून कोण देते?"

उकंडरावांनी मान वर केली. हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. नट पडायचा, ते खाली पाहायचे, तोवर तो पुन्हा त्यांच्याच हातात असायचा. त्यांना वाटायचं, बायको जवळच बसलेली असते म्हणून.

"तूही नाई सांगितलं," ते म्हणाले.

"नाई सांगितलं."

वहाब चहा घेऊन आला. चहा संपता संपता मंजुळाबाईंनी ठरवून टाकलं आणि ते नवऱ्याला सांगितलं. मृगापासून दसऱ्यापर्यंत जानेफळ, दोन खोल्यांत, स्वतःची चूल मांडून. बाकीचे महिने गाडी. लांबची गावं सोडायची, ओळखीची सात-आठ ठेवायची. स्प्रिंगा दाबायचं काम उकंडरावांनी मंजुळाबाईंना शिकवायचं.

"तुले?"

"गियर नाई ओढला का सकाळी?"

"दात तोडले असते तू गियरचे," उकंडराव म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. मग वहाबकडे वळले. "दे बाबा ती अकरावाली. पेटीत बसते."

"थांबा," मंजुळाबाई म्हणाल्या. त्या उठून दोन्ही बॅटऱ्यांपाशी गेल्या. "वहाबभाई, पुस महिन्याच्या थंडीत पहाटे हँडलले हातच लावा लागणार नाई, अशी कोणती?"

"तेरावाली. मी सांगतलंच ना."

"दुकानात कधीची पडून हाये?"

वहाबला गंमत वाटली. असं विचारणारी गिऱ्हाइकं त्याला क्वचितच भेटत. "महिना झाला आली. कोरडीच हाये, तेजाब अजून टाकलं नाई. तुमच्यासमोर टाकतो. पण भाभी, वर खाटेले लागन ना ती."

मंजुळाबाईंनी हात उभा धरून बॅटरीची उंची घेतली, गाडीत चढून पेटीत हात घातला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "चार बोटं कमी पडतात. खाट चार बोटं वर घ्या. अन पाण्याची बुचं उघडाले गादी उचला लागू नये, फळीले कडेनं झाकण करा. यांच्यानं नाई झालं तं मी टाकीन पाणी."

उकंडराव मोढ्यावरून बायकोकडे पाहत राहिले. "तेराच दे," ते वहाबला म्हणाले.

जुन्या बॅटरीचं शिसं वहाबनं ठेवून घेतलं आणि उरलेला व्यवहार दोन वाक्यांत झाला. नव्या बॅटरीत तेजाब भरून ती चार्जिंगला लावली. त्याला दोन दिवस लागणार होते. तेवढ्यात शेजारच्या सुतारानं खाटेच्या पायांखाली ठोकळे मारले, फळीला बिजागरीचं झाकण केलं. नव्या बॅटरीच्या टोकांची बाजू उलटी होती, म्हणून वहाबनं एक तार हातभर वाढवली.

दोन दिवस गाडी वहाबच्या दारात उभी होती आणि गौसिया, वहाबची बायको, दिवसातून चार वेळा अंगणाच्या दारातून तिच्याकडे पाहायची. ती लग्न होऊन मलकापूरहून खामगावात आली, त्याला चौदा वर्षं झाली होती. पहिल्या रात्री तिनं आतून भाकरी आणि वाटीभर पातळ सालन पाठवलं. दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईंनी चुलीवरची मिरचीची भाजी पाठवली. मग दुपारी गौसिया स्वतःच बुरखा सावरत गाडीच्या पायरीवर आली.

"अंदर पाहू का, काकू?"

"ये ना. त्यात इचारतं काय?"

गौसियानं कपाट उघडून पाहिलं, पुरचुंड्या हुंगल्या, खिडकीची काच खालीवर केली. "यात झोपता, यातच सैपाक? अन रोज नवं गाव?"

"रोज नाई. दोन-चार दिवसांनी."

"अन खिडकीतून सारं दिसते?"

"दिसते. धूळही येते."

"येऊ द्या," गौसिया म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी खाटेखाली बसली. वहाबनं तारा आवळल्या, टोकांना ग्रीस लावलं. मग चालकाच्या जागेवर बसून त्यानं सेल्फ दाबला. टकटक नाही, खोकला नाही. इंजिन एका हिसक्यात उठलं. रस्त्यापलीकडे उभे असलेले उकंडराव झोळीतला हात विसरून टाळी वाजवायला गेले आणि कळवळले.

"एक चक्कर मारून पाहतो," वहाब खिडकीतून म्हणाला. "चार्जिंग बराबर होते का पाहा लागन. भाऊ, बसा बाजूले."

मंजुळाबाई मागच्या दारात होत्या. त्यांनी अंगणाच्या दाराकडे पाहिलं. गौसिया तिथं उभी होती.

"वहाबभाई," त्यांनी हाक मारली, "तुमच्या घरवालीले घेऊन जाऊ का मागं?"

वहाबनं मागे वळून पाहिलं. हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आलाच नसावा, असा त्याचा चेहरा झाला. "चौदा वर्षांत कधी म्हणाली नाई ती," तो म्हणाला.

"इचारलं होतं का?" उकंडराव म्हणाले. बोलून झाल्यावर ते स्वतःच जरा ओशाळले.

गौसियानं शेगडीवरचं दूध उतरवलं, कडी लावली आणि ती गाडीत चढली. दोघी उंच झालेल्या खाटेवर शेजारी शेजारी बसल्या. दोघींचे पाय खाली टेकत नव्हते. गाडी जिनिंगपासून निघाली, कापसाच्या गंज्यांपाशी वळली, तेलघाण्याच्या वासातून गेली, स्टेशनाच्या रस्त्यानं जलंबकडे जाणाऱ्या रुळांपर्यंत पोचली. फाटक बंद होतं. जलंबची छोटी आगगाडी धूर सोडत गेली. गौसियानं बुरख्याचा पडदा वर टाकला आणि डबे मोजले. चार होते.

फाटक उघडलं तरी वहाबनं इंजिन बंद करून पुन्हा सुरू करून पाहिलं. तेव्हाही ते एका सेल्फवर उठलं. "पास," तो उकंडरावांना म्हणाला आणि परतण्यासाठी गाडी वळवू लागला.

चालकाच्या पाठीमागच्या फळीवर थाप पडली. मंजुळाबाईंचा आवाज आला, "वहाबभाई, पक्की खात्री झाली का?"

"हाव, झाली ना."

मागे दोघी काहीतरी बोलल्या, हसल्या. मग गौसियाच उंच आवाजात म्हणाली, "अजून एकदा पाहून घ्या ना जी. शेगावच्या रस्त्यानं."

वहाबनं उकंडरावांकडे पाहिलं. उकंडरावांनी डाव्या हातानं शेगावचा रस्ता दाखवला.