तिसरा अभिप्राय

मी चीजच्या दुकानात काउंटरवर असते. नवा माल आला की आधी मी चाखते आणि पाटीवर चार शब्द लिहिते. गेल्या आठवड्यात राखेत लोळवलेलं शेळीच्या दुधाचं चीज आलं. मालक म्हणाले, "छान आहे असं लिहा." मी लिहिलं, 'आधी खडू, मग लिंबू, तिसऱ्या घासाला गोडी लागते.' तीन दिवसांत संपलं. माझ्या जिभेला हाड नाही असं घरचे म्हणतात. नसू दे.

आमच्या दादानं कादंबरी लिहिली, जगाच्या अंताची. प्रभू येतो, विश्वासणारे क्षणात वर उचलले जातात आणि मागे राहिलेल्यांवर सात वर्षं संकटं कोसळतात. असल्या कादंबऱ्या मी ढिगानं वाचल्यात. स्पष्ट सांगते, मला त्या आवडत नाहीत. जग बुडाल्याचं दुःख त्यात कुणालाच नसतं, 'आम्ही सांगत होतो ना' याचाच आनंद फार. दादाची भाषा मात्र चांगली होती. वाचता वाचता माझा चहा दोनदा गार झाला.

मग एकोणिसाव्या प्रकरणात एक म्हातारी आली. डाव्या पायानं लंगडणारी, नवरा गेल्यापासून चर्चची पायरी न चढलेली, पाळकसाहेबांना उलट प्रश्न विचारणारी. मुलगा वर गेलेला. ती शेजाऱ्यांच्या रिकाम्या घरांची दारं ठोठावत फिरते आणि दोन पानांत जळून जाते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमची आई डाव्या पायानंच लंगडते, आणि बाबा गेल्यापासून ती चर्चला गेलेली नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या वाचनालयाचा नियम आहे. पुस्तक कपाटात लावायचं तर तीन सभासदांनी वाचून अभिप्राय द्यायचा आणि तिन्ही अभिप्राय पहिल्या पानावर चिकटवायचे. दादाला दोन मिळाले होते. तिसरा पाळकसाहेबांनी माझ्याकडून मागितला. "ताईंचं तोंड फटकळ. त्यांनी बरं म्हटलं की कुणी शंका घेणार नाही." दादानं या पुस्तकावर सहा वर्षं घातली होती, म्हणून मी चार दिवस मूग गिळून बसले.

पाचव्या दिवशी तो काउंटरवरच आला.

"लिहिलंस का, चिमणे?"

"ती म्हातारी म्हणजे आई आहे."

"छे! काहीतरीच काढतेस. गोष्ट आहे ती."

मी मिठाच्या पाण्यानं साल धूत मुरवलेल्या चीजचा तुकडा कापून पुढे केला. त्याला दिवसभर घातलेल्या मोज्यांचा वास येतो. दादा नाक मुरडेल आणि मग मी त्याला 'वरवर बघून कुणाला नाकारू नये' असे चार शब्द सुनावेन, असा माझा बेत. त्यानं तो खाल्ला आणि आणखी मागितला. माझी हुशारी तिथेच फसली.

"मस्त आहे. आता कागद दे."

दिला. तो वाचू लागला.

'कथा वेगवान. आगीचं वर्णन उत्तम. पण वर गेलेल्यांपैकी एकही जण खाली वाकून बघत नाही. जिथे पोचल्यावर माणूस आपली आई कुठे राहिली हे विचारत नाही, तो स्वर्ग मला नको. मी त्या बाईबरोबर खालीच राहणार.' खाली माझी सही.

दादाचा चेहरा उतरला. "हे चिकटवलं तर ती आई आहे हे सगळ्यांना कळेल!"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू? पण कागद मी परत घेतला नाही.

"आईनं वाचलंय?" त्यानं हळूच विचारलं.

"भिंग घेऊन. आठवडाभर वाचत होती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्या म्हातारीचा मुलगा वाचला ना? मी म्हटलं, हो, पहिल्याच प्रकरणात वर गेला. म्हणाली, मग झालं तर."

त्याचे डोळे भरून आले. माझेही.

"तिला चालतं, दादा," मी म्हटलं. "मला चालत नाही. चिकटव."