तोंडाने काही देऊ नये

परवा आमच्या कट्ट्यावर फ्लेक्स लागला. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. आमच्या मालकांचा फेटा बांधलेला फोटो, आणि शेजारी त्यांच्याहून मोठा भावजींचा, हात जोडून. मयत नेमकं कोण, बघणाऱ्याला कळू नये. मालकांच्या आठवणीत सगळ्या पेठेला दूध फुकट. मला निरोप आला, "वैनी, पहिला ग्लास तुमच्या हातनं द्यायचा." म्हटलं, येते की. न यायला काय झालं?

मी संयोगिता. माझं मालक अमरसिंह, दूधवालं. आमच्याकडं दूध पिशवीतनं येत न्हाय. तालमीसमोर कट्टा, कट्ट्यावर म्हस उभी, गिऱ्हाईक समोर, आणि मालक थेट ग्लासातच धार मारायचं. मिशीला फेस लागल्याशिवाय कोल्हापुरात दूध प्याल्यासारखं वाटतच न्हाय माणसाला. पैलवान असू दे न्हायतर वकील, सगळी ह्याच हातचं पिऊन वाढलेली. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं त्यातनंच झालं.

त्या दिवशी सकाळी धार मारता मारता ग्लास हातातनं निसटला. मालक हसल्यागत झालं, पण हसू एकाच बाजूला गेलं. उजवा हात लोंबाय लागला. बोलाय गेलं तर नुसता घरघर आवाज. कट्ट्यावर जो तो डॉक्टर झाला. कोण म्हणालं पित्त खवळलंय. एकानं फीट समजून चप्पल हुंगवली. चप्पल! मी वरडले, रिक्षा बोलवा, दवाखान्यात न्या. सरकारी दवाखाना काय लांब हाय व्हय? विडी ओढून संपायच्या आत पोचतो माणूस.

तेवढ्यात भावजी आलं. विजयसिंह, मालकांचं धाकटं भाऊ, मंडळाचं अध्यक्ष. गाडीची किल्ली बोटावर फिरवत म्हणालं, "वैनी, लकवा हाय ह्यो. लकव्याला सुई टोचली की माणूस संपला. नेसरीच्या पलीकडं एका वस्तीवर माणूस हाय. पाला देतो, मालीश करतो. चालत आणतो बघा दादाला."

"आधी दवाखाना," मी म्हटलं.

झालं! सगळा कट्टा माझ्यावर उलटला. बाईमाणूस घाबरलंय, तिचं काय ऐकताय, म्हणाय लागली. ह्याचा शेजारी, त्याचा मावसा, सगळी म्हणं त्याच पाल्यानं उठून बसलेली. मालकांना गाडीत घातलं आणि गाडी हायवेला लावली. कागल गेलं, निपाणी गेली. मालकांची मान माझ्या खांद्यावर, लाळ माझ्या पदरावर. डाव्या हातानं माझं मनगट धरून ठेवलेलं. तिथं वस्तीवर ही रांग! आमचा नंबर आल्यावर त्या माणसानं मनगटाला पाला बांधला, तेल चोळलं आणि सांगितलं, सुईला हात लावू देऊ नका. परत येस्तोवर ऊन कलललं. वाटेत मालकांचा श्वास घोराय लागला तेव्हा कुठं भावजींच्या तोंडचं पाणी पळालं आणि गाडी दवाखान्याकडं वळली.

डॉक्टरीण तरणी पोरगी, निशिगंधा नाव, जागरणानं डोळं सुजलेलं. पहिलंच विचारलं, "कधी झालं हे?"

"सकाळी."

"मग आत्ता आणताय?" तिनं मनगटाचा पाला बघितला आणि सोडून टाकला. मशीनमधनं डोक्याचा फोटो काढून आणल्यावर म्हणाली, "मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय, मावशी. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. ती वेळ गेली."

ऐकलं का? जी सुई टोचली की माणूस मरतो म्हणून आम्ही निपाणी वलांडून पळालो, तीच सुई त्यांना वाचवणारी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावजी भिंतीकडं बघत हुतं.

वॉर्डात खाटा भरलेल्या, खाली जमिनीवर गाद्या. एवढ्या सगळ्यांना मिळून एक सिस्टर. कूस बदलायची मी, पुसायचं मी, नळीतनं भरवायचं मी. व्यायाम शिकवणारा माणूस येतो म्हणाले, पण तो काय माझ्या नजरंला पडला न्हाय. कुणावर वरडायचं? त्या सिस्टरवर? ती बिचारी तशीच उपाशीपोटी पळत हुती. जे ही अशी व्यवस्था करून ठेवतात ते वॉर्डात कशाला येतील!

डॉक्टरणीनं मला बाजूला घेऊन नीट समजावलं. "त्यांच्या घशालाही लकवा आहे. तोंडातून दिलेलं पोटात न जाता फुफ्फुसात जाईल. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. हे दिवस निभावले तर घसा हळूहळू शिकेल, घरी न्याल त्यांना." आणि चिकटपट्टीवर स्वतःच्या हातानं लिहून तिनं ती खाटंच्या डोक्याला लावली. तोंडाने काही देऊ नये.

आणि निभावत हुतं हो मालक! डाव्या हातानं माझी बोटं दाबायचं. मी म्हशीचं नाव घेतलं की डोळं उघडायचं. मी म्हणायचे, गिळायला शिका, मग पहिला ग्लास मी माझ्या हातानं देते. मान हलायची, एवढीशी.

पण पेठेला दम कुठला? भेटायला येणारा प्रत्येक जण किटली घेऊन. "आमाला जन्मभर पाजलं, आज आमी पाजतो." एकीनं तर चमचा काढलासुद्धा. मी हात धरला तिचा. "वाचाय येतंय न्हवं?" म्हटलं. तर बाहेर जाऊन काय बोलली? बायको नवऱ्याला उपाशी मारतीया. दूधवाल्याच्या तोंडात दुधाचा थेंब न्हाय. बोला, म्हटलं. बोला काय बोलायचं ते. मी खाटंला चिकटून बसले.

भावजींना मी ती पट्टी बोट ठेवून वाचून दाखवली. "कळलं का?"

"कळलं की वैनी. मी काय अडाणी हाय?"

मग एका सकाळी सिस्टर म्हणाली, रक्ताचा रिपोर्ट खालनं घेऊन या. तिथं नातेवाइकांनीच पळायचं असतं. खाली रांग मारुतीच्या शेपटागत. खाटंजवळ भावजी हुतं, त्यांनाच बसवून गेले. दुसरं हुतं तरी कोण?

परत आले तर भावजी किटली घेऊन उभं. एका हातानं मालकांची हनुवटी धरलेली, दुसऱ्या हातात चमचा. मंडळाचा एक गडी मोबाईलवर शूटिंग करतोय. मालकांच्या मिशीला फेस लागलेला.

"बघा वैनी, प्यालं की दादा! गटागटा प्यालं! डोळ्यात पाणी आलं बघा त्याच्या."

मी किटली हाणली ती पार पलीकडच्या भिंतीला गेली. सिस्टर, सिस्टर म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला. घशातलं ओढून काढायचं मशीन दुसऱ्या खाटंकडं चालू हुतं. ते इकडं येस्तोवर मालकांचं ओठ जांभळं झाललं. मग ताप चढला. छातीत पाणी उकळल्यागत आवाज. आयसीयूत जागा न्हवती. तो ताप काय उतरला न्हाय. मालक गेलं तेव्हा त्यांचा डावा हात माझ्या हातात हुता, आणि त्यानं माझी बोटं दाबली न्हाईत.

आणि पेठेत काय बोलणं? भाग्यवान माणूस, शेवटी भावाच्या हातचं दूध पिऊन गेला. बायकोनं मारलंच हुतं उपाशी, पण भाऊ धावला. भावजींनी ती शूटिंग स्टेटसला लावलेली, वर एक रडकं गाणं चढवून. सगळ्यांनी बघितली. बायका पदरानं डोळं पुसत हुत्या.

तर परवा मी कट्ट्यावर गेले. गर्दी ही! सगळ्यांच्या हातात ग्लास, माझ्या पहिल्या ग्लासाची वाट कोण बघतंय! भावजींनी एक भरून माझ्यापुढं धरला. "घ्या वैनी. दादाच्या नावानं."

मी ग्लास घेतला न्हाय. म्हटलं, "भावजी, तो व्हिडिओ लावा की. सगळी हाईत तवर बघू दे."

त्यांना बरंच वाटलं. स्पीकरला जोडून मोबाईल वर धरला. गाणं वाजाय लागलं. माणसं माना डोलवाय लागली.

"ह्यो न्हाय," मी म्हटलं. "गाण्याचा नको. पहिला काढललाय तो लावा. आवाजासकट."

भावजी थबकलं. पण सगळी बघत हुती. लावला त्यांनी.

चमचा तोंडात गेला आणि स्पीकरमधनं मालकांचा आवाज आला. खोकायला बघतंय माणूस आणि खोकला फुटत न्हाय. घुसमटलेला, बुडत्या माणसागत आवाज. आणि त्याच्यावर भावजींचा आवाज, "पी दादा, पी, पी." परत चमचा. परत तो आवाज. मालकांचा डावा हात चमचा ढकलायला वर येतोय, आणि भावजींनी तो प्रेमानं खाली धरून ठेवलाय.

कुणाचा ग्लास तोंडाजवळ, कुणाचा अर्ध्यावर.

"दादा मागत हुता, वैनी," भावजी पुटपुटलं. "डोळ्यातनं मागत हुता."

"मागत न्हवतं," मी म्हटलं. "गुदमरत हुतं."

भावजींनी हातातला ग्लास खाली ठेवला आणि तो व्हिडिओ परत लावला. मग परत लावला. मागं म्हशी वरडाय लागल्या हुत्या, धारंची वेळ झालती. मी चरवी उचलली आणि पहिल्या म्हशीखाली जाऊन बसले.