नष्ट झालेला माल

सुभाषने पंचनाम्याचे तीन कागद ओटीवरच्या टेबलावर पसरले आणि ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बदामाचा डबा ठेवला.

"अमेरिकन आहेत, खाऊन बघ," तो उर्मिलाला म्हणाला. "त्यांनी आपल्या कोळंबीवर कर लावला, आपण त्यांच्या बदामावर लावला. काकीला भरपाई मिळणार ती यातूनच. एकेक बदाम मोजून घे पाहिजे तर."

उर्मिलाने डब्याला हात लावला नाही. त्याच्याखालून कागद ओढून घेतले आणि चष्मा लावला. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात ती पंधरा वर्षं मुद्रितं तपासत होती. हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवणं तिला जमत नसे.

'मौजे मुर्धा येथील कै. हरिश्चंद्र पाटील यांच्या तळ्यातील अंदाजे अठराशे किलो कोळंबी खरेदीदाराअभावी तळ्यातच मरून सडली व पंचांसमक्ष चुना टाकून पुरण्यात आली.'

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं.

"बाबांची कोळंबी सडली नव्हती."

"ते तू मला सांगतेस? मीच दोन पाट्या नेल्या होत्या." सुभाष मोकळेपणाने हसला. "बायकोने अर्धी वाळवली. अजून पुरतेय."

आतून सुगंधाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी सुभाषपुढे कप ठेवला, लेकीपुढे ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. दाराशेजारी हरिश्चंद्रचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते. तो गेला त्याला चार महिने झाले होते, पण बुटांवरचा तळ्याचा चिखल कुणी धुतला नव्हता.

गेल्या ऑगस्टमध्ये हे सगळं सुरू झालं. सात समुद्रांपलीकडे कुणीतरी एका कागदावर सही केली आणि इकडे मुर्ध्याच्या बांधावर कोळंबीचा भाव एका आठवड्यात निम्म्याच्या खाली आला. गावातला सगळा माल निर्यात कंपन्यांसाठी सुभाषच उचलायचा. तो बांधावर आला, जाळ्यात उसळणारी कोळंबी बघून त्याने जीभ चुकचुकवली आणि असा भाव सांगितला की त्यात खाद्याचेही पैसे निघाले नसते. हरिश्चंद्रने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "त्यापेक्षा उपसण करतो."

उपसण गावाला नवीन नव्हती. तळं रिकामं करायच्या दिवशी मालकाने तीन वेळा जाळं ओढायचं, मग उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, फळी वर करून पाणी खाडीला सोडायचं आणि चिखलात जे उरेल ते गावाचं. बायका पाट्या घेऊन उतरायच्या. त्या वेळी मालकाने बांधावर खाडीकडे तोंड करून बसायचं, कुणी किती भरलं ते बघायचं नाही, अशी रीत होती. त्या दिवशी हरिश्चंद्रने जाळं एकदाही ओढलं नाही. त्याने फळी वर केली आणि सरळ पाठ फिरवून बसला. दुपारपर्यंत त्याच्यामागे अख्खा गाव चिखलात होता. तीन दिवस मुर्ध्यात दुसरं काही शिजलं नाही. उत्तनच्या, गोडदेवच्या सोयऱ्यांकडेही डबे गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी हरिश्चंद्र झोपेतून उठलाच नाही.

"भरपाईच्या योजनेत काय लिहिलंय, मी वाचलंय," उर्मिला म्हणाली. "शासन निर्णय अकरा पानांचा आहे. विकलेल्या मालाची पावती असेल तर भावातला फरक मिळतो. माल नष्ट झाला असेल तर पंचनाम्यावर मिळतो. तिसरं काही नाही."

"म्हणून तर हा दुसरा रस्ता."

"आणि तुला कुठल्या रस्त्याने मिळाले?"

सुभाषने चहाचा घोट घेतला. भरपाईच्या पहिल्या यादीत त्याचं नाव होतं. पडलेल्या भावाने त्याने लोकांची कोळंबी घेतली होती, त्याच पावत्या दाखवून त्याने भावातला फरक स्वतःच्या नावावर घेतला होता. नाक्यावर लागलेल्या फलकावर, हात जोडलेल्या पुढाऱ्यांच्या रांगेत, 'झळ सोसलेला शेतकरी' म्हणून त्याचाही फोटो होता.

"पावती ज्याच्याकडे, त्याला मिळतात. मी नियम नाही बनवले," तो म्हणाला. "बघ, केस एकदम क्लिअर आहे. खड्ड्याचा फोटो माझ्याकडे आहे, दुसऱ्या तळ्याचा, पण चिखल सगळीकडे सारखाच. पाच पंच सह्या करून मोकळे झाले. काकीने केली. वारस म्हणून तुझी तेवढी राहिली. गुरुवारी मत्स्य खात्याच्या मॅडम जागा बघायला येतील. मला काय, वर द्यावे लागतात तेवढे दे, तिसरा हिस्सा."

उर्मिलाने शेवटचं पान उलटलं. पाच सह्या. पहिली गावातल्या शेवंतीमावशीची, शाळेत गिरवतात तशी मोठी, ओळीच्या खाली घसरलेली.

शेवंती. बाबांच्या दहाव्याला हिनेच उर्मिलाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला होता. निघताना पदराखालून एक बरणी काढून तिच्या पिशवीत घातली होती. सोडे होते, त्या उपसणीतल्या कोळंबीचे, उन्हात कडक वाळवलेले. "तुज्या बापाचं हाय. वांग्यात टाक," असं म्हणाली होती. ती बरणी उर्मिलाच्या मीरा रोडच्या स्वयंपाकघरात तशीच होती. तिच्याने ती उघडवत नव्हती आणि दुसऱ्या कुणाला देववतही नव्हती.

आणि आता तीच शेवंती लिहून देत होती की ते सगळं सडलं.

उर्मिलाने चहाचा कप लांब सरकवला.

"किती दिलेस एका सहीचे?"

"कुणाला?"

"पंचांना."

सुभाषने सुगंधाबाईंकडे बघितलं. त्या बुटांकडे बघत होत्या. "ते तुला नको," तो उठत म्हणाला. "गुरुवारी ये. बदाम राहू देत."

तो गेल्यावर उर्मिला म्हणाली, "आई, तू सही केलीस?"

"पाडव्याला तळ्याचा करार संपतो. भाडं भरलं न्हाय तर डंपर उभेच हायेत भराव टाकायला." सुगंधाबाईंनी कप उचलले. "तळं मी चालवीन. पाण्यातले पंखे मला लावता येतात, खाद्य टाकता येतं. मला घरात बसून ऱ्हायचं न्हाय."

"पैसे मी देते."

"तुज्या घराचा हप्ता कोन भरंल?"

"पण बाबांची कोळंबी सडली असं लिहायचं? त्यांनी वाटली ती."

"मला म्हाईत हाय त्यांनी काय केलं," सुगंधाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

गुरुवारी सकाळी ऊन वर येण्याआधीच सगळे बांधावर जमले. तळं कोरडं होतं. तळाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि पाणी फिरवणारे पंखे कडेला उलटे पडले होते. तिवरांच्या पलीकडे नव्या टॉवरच्या क्रेन हलत होत्या. सुभाषने प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या आणि एक टेबल आणून ठेवलं होतं. एका कोपऱ्यात ताजी माती उकरून त्यावर चुना भुरभुरलेला होता. पांढरा शुभ्र, दोन दिवसांपूर्वी टाकलेला असावा.

अधिकारी मॅडम पंचविशीच्या, ठाण्याहून आलेल्या. त्यांनी चुन्याचा फोटो काढला आणि पंचांना एकेक करून बोलावलं.

"काय पाहिलंत?"

"मेली सगली," एक पंच म्हणाला. "पुरली."

"वास सुटलेला, मॅडम," दुसरा म्हणाला. "उभं ऱ्हावत न्हवतं."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "तुज्या घरून सुटलेला तो, कालवणाचा," आणि दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. सुभाषने डोळे वटारले.

शेवंती पुढे आली. साठीची, आखूड लुगडं नेसलेली, पायांना अजून सकाळच्या चिखलाचे पट्टे. तिने उर्मिलाकडे पाहून मान हलवली, घाबरू नको असं सांगितल्यासारखी. मग मॅडमकडे वळून म्हणाली, "सडली, बाय. माज्या डोल्यानी बघली. हरीदादा रडला."

बाबा रडले नव्हते. बाबा खाडीकडे तोंड करून बिडी ओढत बसले होते, आणि संध्याकाळी फोनवर तिला म्हणाले होते, "आज गाव जेवला, उर्मे." इतकंच. तेवढ्या एका वाक्यावर तिने हे चार महिने काढले होते.

"वारस कोण? तुम्ही?" मॅडमनी विचारलं. "इथे सही."

उर्मिलाने पिशवीत हात घातला. सुभाषने खिशातलं पेन पुढे केलं. तिने बरणी काढली आणि कागदांवर ठेवली. झाकण फिरवून काढलं. सोड्यांचा खारट, उग्र वास टेबलावर पसरला.

"ही ती पुरलेली कोळंबी," ती म्हणाली. "या शेवंतीमावशींनी वाळवून मला दिली. इथल्या प्रत्येक घरात अशी एक बरणी आहे. वडिलांनी तळं गावाला उघडून दिलं होतं. काही सडलं नाही, काही पुरलं नाही. लोकांनी खाल्लं."

मॅडमनी बरणीत डोकावून पाहिलं, मग पंचनाम्याकडे, मग सुभाषकडे.

"खाल्ल्याला रकाना नाहीये," त्या शेवटी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "मला वर नामंजूर लिहावं लागेल. खोटी साक्ष म्हणून पंचांची नावंही कळवावी लागतील. तुम्ही आधीच अर्ज मागे घेतला असता तर..." वाक्य अर्धवट सोडून त्यांनी कागद गोळा केले.

सुभाष त्यांच्यामागे गाडीपर्यंत धावत गेला. पाच पंच होते तिथेच उभे राहिले. कुणीच उर्मिलाकडे बघत नव्हतं. मघाशी पदर लावून हसलेल्या बायका आता चपला शोधत होत्या.

"हजार दिले होते ना सुभाषने?" उर्मिला म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "की जास्त?"

शेवंतीने तिच्याकडे पाहिलं. तिला प्रश्न समजायला थोडा वेळ लागला.

"न्हाय, बाय," ती म्हणाली. "सुगंधीचं तलं ऱ्हावं म्हनून केली. सुभ्या देत होता. आमी घेतलं न्हाय. हरीदादाचं खाल्लेलं हाय."

मग ती टेबलापाशी आली, बरणीचं झाकण उचललं आणि घट्ट फिरवून लावलं.

"उघडी ठेवू नको. हवा लागली का मऊ पडतात," ती म्हणाली आणि बरणी उर्मिलाच्या हातात दिली.

सुगंधाबाई इतका वेळ खुर्चीत बसल्या होत्या. त्या उठल्या, बांधाच्या कडेला गेल्या आणि खाली पाय सोडून बसल्या, खाडीकडे तोंड करून. हरिश्चंद्र बसायचा तीच ही जागा होती. तिथली माती बसून बसून खोलगट झाली होती.

मागे लोक अजून चुळबुळत होते. निघावं तर कसं, काय बोलून, हे कुणाला कळत नव्हतं. उर्मिला बरणी घेऊन त्यांच्यासमोर उभी होती, एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत.

"उर्मे," सुगंधाबाई मान न वळवता म्हणाल्या, "इकडं ये. खाडीकडं तोंड करून बस."

ती गेली आणि आईच्या शेजारी बसली. भरती लागत होती. उघाडीच्या फळीवर पाणी हलकेच आपटत होतं. तिच्या पाठीमागे पावलं हलायला लागली, एक, मग दोन, मग पुष्कळ, भेगाळलेल्या चिखलावरून जाणारी. उर्मिलाने बरणी मांडीवर धरली. तिला वळून बघावंसं वाटत होतं.

"बघू नको," आई म्हणाली.