बारीक शिट्टी

"शिट्टी वाजते," वाचनबाई म्हणाल्या आणि त्यांनी रेकॉर्डर, अडॅप्टर आणि मायक्रोफोन असं सगळं बिऱ्हाड माझ्या टेबलावर मांडलं. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा.

मी सोल्डरगन बाजूला ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि जमेल तितक्या शांतपणे म्हणालो, "बाई, यात शिट्टी नाही. गेल्या वेळीही नव्हती."

"पण वाजते हो. अगदी बारीक. आधी लक्षात येत नाही, मग डोक्यात घुसून बसते."

वाचनबाई म्हणजे अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या बाई. मागच्या रस्त्यावर त्यांची संस्था आहे. आवाज घुमू नये म्हणून तिथल्या एका खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, आणि त्या गाद्यांमध्ये बसून या रोज चार तास भूगोल नाहीतर रसायनशास्त्र वाचतात. पंखा लावायचा नाही, खोकायचं नाही, खुर्चीत हलायचं नाही. इतक्या सोशिक बाईवर आवाज चढवणं बरं दिसत नाही, म्हणून मी तो चढवला नाही. हेडफोन लावले, दोन मिनिटं ऐकलं आणि ते अशा पद्धतीनं काढून ठेवले की न बोलताच सगळं कळावं.

"लख्ख आहे," तरीही मी बोललोच.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. बाजारात मला कानसेन म्हणतात. चौतीस वर्षं मी आवाजाची यंत्रं दुरुस्त करतो आहे, आणि निम्मे दोष मी यंत्र न उघडता सांगतो. नुसतं ऐकून. एकदा रस्त्यानं जाता जाता एका अनोळखी माणसाच्या दारावर थाप मारून मी त्याला सांगितलं होतं, की तुमच्या पंख्याचं बेअरिंग आठवडाभरात जाणार. चौथ्या दिवशी गेलं. तो माणूस अजूनही मला बघितलं की रस्ता ओलांडतो, पण ते जाऊ द्या. मापं घ्यायची यंत्रं माझ्याकडेही आहेत. ती मी कपड्याखाली झाकून ठेवतो. ज्यांना कान नाहीत त्यांनी काट्याकडे बघत बसावं, असं माझं मत होतं.

"मुलं तक्रार करतात," वाचनबाई म्हणाल्या. "दोन धडे ऐकले की डोकं दुखतं म्हणतात. त्यांचा सगळा अभ्यास कानानं, आणि पुढच्या महिन्यात परीक्षा." मग जरा घुटमळून त्या म्हणाल्या, "आमचे व्यवस्थापक म्हणतात, शनिवारपर्यंत झालं नाही तर इथून पुढे सगळी मशीनं चौकातल्या नव्या सर्व्हिस सेंटरला द्यायची. मीच म्हटलं, थांबा जरा, एकोणीस वर्षं आपण यांच्याकडे देतोय."

चौकातलं सर्व्हिस सेंटर म्हणजे काचेच्या दाराआड एकसारखे टी-शर्ट घालून बसलेले तिघंजण. ते दोष शोधत नाहीत, आख्खा भागच फेकून नवा घालतात. एकोणीस वर्षं सांभाळलेली यंत्रं त्यांच्या हातात जाणार, आणि तीही नसलेल्या शिट्टीपायी, या विचारानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शनिवारी घेऊन जा," मी म्हणालो. काय करून ठेवणार होतो, देव जाणे.

पुढचे दोन दिवस मी नसलेल्या दोषाची दुरुस्ती केली. मायक्रोफोनची वायर बदलली. पिना घासल्या. बटणं उघडून साफ केली आणि पुन्हा बसवली, त्यातलं एक उलटं बसलं, ते परत काढलं. दर वेळी ऐकलं आणि दर वेळी लख्ख. गुरुवारी मला एक युक्ती सुचली. वाचनबाईंना फोन लावला आणि हेडफोन फोनला चिकटवून धरले.

"ऐका आणि सांगा, शिट्टी आहे का?"

त्यांनी बराच वेळ ऐकलं. "नाही हो. आता अजिबात नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी चहा मागवला आणि शेजारच्या शिंप्यालाही पाजला. तासाभरात बाई स्वतःच आल्या, खुशीत हेडफोन लावले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"आहे," त्या म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच होती.

फोनमधून बारीक आवाज जातच नाहीत. माणसाचं बोलणं कळेल एवढंच फोन पुढे धाडतो आणि बाकीचं गाळून टाकतो. हे या धंद्यात कालपरवा आलेल्यालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण त्या दिवशी मला दोष शोधायचा नव्हता, फक्त 'नाही' असं ऐकायचं होतं. आणि तोंडघशी पडलेला माणूस जे करतो तेच मी केलं.

"बाई, राग मानू नका, पण तुम्ही एकदा कान दाखवून घ्या. रोज चार तास बंद खोलीत बसता. असं वाजायला लागतं कधीकधी कानात."

त्यांनी राग मानला नाही. "हो का? दाखवते," म्हणाल्या आणि निघाल्या. दारात त्यांना माझी बायको भेटली. दोघी काहीतरी कुजबुजल्या. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

बायको रोज दीड वाजता डबा आणते आणि माझं जेवण होईपर्यंत समोरच्या स्टुलावर बसते. यंत्रांना ती हात लावत नाही, कारण लग्न झालं त्या वर्षी मी तिला हात लावू नको म्हणालो होतो, आणि ती असल्या गोष्टी विसरत नाही. त्या दिवशी मात्र तिनं न विचारता हेडफोन उचलले आणि डोक्यावर चढवले.

"वाजतेय की," ती म्हणाली.

"काय वाजतेय?"

"शिट्टी. कानाशी डास आल्यासारखी. त्याहून बारीक."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत काहीच नाही. ऐकू येतंय."

हातातला घास हातातच राहिला. "त्या बाईनं तुला दारात पढवलं असणार."

"अहो, ती बिचारी विचारत होती, कानाचा चांगला डॉक्टर कुठला म्हणून." तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "तिला कशाला पाठवताय? तुमच्या घड्याळाचा गजर रोज कोण बंद करतं?"

"कुठला गजर? तो कधीच बिघडलाय. मी आपला गजराशिवाय उठतो."

"साडेपाचला वाजतो. तुमच्याच मनगटावर, तुमच्याच उशाशी. मी हात लांब करून बंद करते. मग अर्ध्या तासानं तुम्ही उठता आणि मला सांगता, बघ, गजराशिवाय जाग आली. दोन वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? लोक तुम्हाला कानसेन म्हणतात."

मला तिचा भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू. डबा सरकवला, उठलो, आणि झाकलेल्या यंत्रांवरचा कपडा ओढून काढला. त्यात आवाज काढणारं एक यंत्र आहे. नॉब फिरवत गेलं की जाडा आवाज हळूहळू बारीक होत जातो, आणि आवाज निघतोय की नाही ते काटा दाखवतो. स्पीकर जोडला. "ऐकू येईनासं झालं की सांग," मी तिला म्हणालो. मनात म्हटलं, आता कळेल कोणाला किती येतंय ते.

तीन हजार हर्ट्झ. पाच हजार. सात हजार. सातच्या पुढे आवाज पातळ झाला आणि आठाच्या जरा अलीकडे विरून गेला.

"संपला," मी म्हणालो.

"नाही," ती म्हणाली. "चालूय."

नऊ. "चालूय." दहा. "चालूय." अकरा. काटा जागचा हलला नव्हता. आवाज माझ्यापासून हातभर अंतरावर भरभरून बाहेर पडत होता, आणि माझ्यासाठी दुकानात पंख्याशिवाय काहीही वाजत नव्हतं. बारापाशी ती म्हणाली, "आता गेला." मी नॉब शून्यावर आणला. मी घाबरलो होतो. साठी ओलांडली की असं होतं, सगळ्यांचंच होतं, हे मला माहीत होतं. पण त्या सगळ्यांत मी स्वतःला कधी धरलं नव्हतं.

"जेवा आधी," ती म्हणाली.

"नंतर. हेडफोन लाव. मी एकेक गोष्ट काढतो, तू नुसतं सांग."

वायर काढली. "आहे." मायक्रोफोनच काढून टाकला. "आहे." मग रेकॉर्डरमध्ये सेल घातले आणि अडॅप्टरची पिन उपटली.

"गेली."

पिन पुन्हा लावली. "आली."

माझे दोन दिवस घासण्यात गेले होते, तिला पाच मिनिटं लागली. अडॅप्टर उघडला. आत सोल्डर माझ्याच हातचं. गेल्या महिन्यात त्यातला फुगलेला कपॅसिटर बदलून मी माझ्याकडच्या घाऊक पाकिटातला एक घातला होता. काम चालत होतं, पण तो त्या जागेचा नव्हताच, आणि तेव्हापासून बसल्या जागी शिट्टी मारत होता. पूर्वी असा घातला असता तर झाकण लावायच्या आत माझ्या कानानं मला हटकलं असतं. योग्य तो शोधून बसवला. तिनं ऐकलं. "गेली," म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला वाटलं आता तेहेतीस वर्षांचं सगळं बोलून घेणार.

"जेवण गार झालं," ती म्हणाली.

शनिवारी वाचनबाई आल्या आणि डोळे मिटून अख्खा धडा त्यांनी ऐकला. "गेली हो," त्या म्हणाल्या. "कुठे सापडली?"

"यांनी बरोबर शोधली," बायको स्टुलावरून म्हणाली. "कान आहे यांचा."

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. दोघीही मला तसं करू देणार होत्या, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्यामुळेच ते जमेना.

"शोधली हिनं," मी म्हणालो. "घातली मी. मला ती ऐकूच येत नाही बाई. तुमचे कान उत्तम आहेत, डॉक्टरकडे जाऊ नका."

"सोमवारची वेळ घेतली होती," त्या म्हणाल्या. "रद्द करते." जाताना मात्र त्यांनी विचारलं, की बाकीची मशीनंही एकदा तपासायला आणू का, आणि हा प्रश्न त्यांनी माझ्या बायकोला विचारला.

त्या गेल्यावर मी ते पाकीट काढलं. पन्नास कपॅसिटरचं, दोन वर्षांपूर्वी फोडलेलं. आत बावीस उरले होते. म्हणजे बाईंचं सोडून सत्तावीस यंत्रं गावभर शिट्ट्या मारत होती आणि एकाही माणसानं तक्रार केली नव्हती. मी पहिला फोन गाण्याच्या क्लासच्या मास्तरांना लावला.

"मास्तर, तुमच्या रेकॉर्डरमध्ये बारीक शिट्टी वाजते का?"

"वाजते की. दीड वर्ष झालं."

"मग बोलला नाहीत?"

"आता तुम्ही हात लावलेलं मशीन म्हटल्यावर काय बोलायचं?" मास्तर म्हणाले. "मला वाटलं, माझ्याच कानाचं काहीतरी झालंय. डॉक्टरनं थेंब दिलेत, सकाळ-संध्याकाळ घालतो. निम्म्या शिकवण्याही सोडल्या हो. स्वतःचा कान धड नाही, तर दुसऱ्याला काय शिकवायचं." मग त्यांचा आवाज जरा उजळला. "म्हणजे थेंब बंद करू का?"

"बंद करा, मास्तर. आणि मशीन घेऊन या."

फोन ठेवला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पुढचा नंबर बायकोनं लावून दिला.

आता ती दीडऐवजी दहालाच येते. हेडफोन लावून बसते आणि शिट्टी वाजते तोवर एक बोट वर धरून ठेवते, म्हणजे मला सारखं विचारावं लागत नाही. काल मास्तरांचं मशीन घेतलं. जुना कपॅसिटर काढला, नवा बसवला, पिन लावली आणि मान वर केली. बोट वरच होतं. पिन काढून सोल्डर पुन्हा केलं, पुन्हा लावली. तिनं डोळे मिटले होते. मास्तर समोरच्या खुर्चीत हात जुळवून बसले होते. मी तिच्या बोटाकडे बघत होतो. हळूहळू ते खाली आलं.