शनिवारची चुळबुळ

पद्मजाबाईंनी पान उलटलं आणि सवयीनं क्षणभर थांबल्या. इथं चुळबुळ होणार होती. गोष्टीतली शेळी एसटी स्टँडवर हरवली होती तोवर ठीक होतं. पण आता ती चौकशीच्या खिडकीपाशी उभी राहून स्वच्छतेवर बोलायला लागली होती, आणि शेळीनं स्वच्छतेवर बोलावं हे जगातलं कुठलंही मूल निमूट ऐकून घेत नाही. गोष्ट लिहिणाऱ्या सोयगावच्या संघपाल मास्तरांना बाईंनी कळवलं होतं की हे भाषण काढा. त्यांनी निम्मं काढलं, निम्मं ठेवलं. मास्तरच ते. शिकवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पण समोर सतरंजीवर बसलेली मुलं हलली नाहीत. कुणी शेजारणीची वेणी ओढली नाही, कुणी गुडघा खाजवला नाही, खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत गेला तरी एकही मान वळली नाही. बाईंनी मुद्दाम आवाज उतरवला, मुद्दाम कंटाळवाणं वाचलं. तरी नाही. मुलांच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून, दोन खुर्च्यांवर दोघं जण बसले होते: हेमचंद्रराव आणि त्यांचा पुतण्या चिन्मय. दोघांच्या मांडीवर त्याच गोष्टीची प्रत, हातात तांबडी पेन्सिल. एकाही पेन्सिलीचा आवाज आला नाही.

चिंचोका प्रकाशनाची ही जुनी रीत होती. पद्मजाबाई आणि हेमचंद्रराव एकाच शाळेत शिकवत असताना दोघांनी मिळून ही मुलांच्या पुस्तकांची कंपनी काढली, समर्थनगरातल्या या दोन खोल्यांत थाटली, आणि पहिल्या पुस्तकापासून नियम केला की छापण्याआधी प्रत्येक गोष्ट मागच्या गल्लीतल्या शाळेच्या मुलांना वाचून दाखवायची. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे मुलं मोकळी असत. बाई वाचायच्या, बाकीच्या संचालकांनी भिंतीकडे तोंड करून ऐकायचं. जिथं सतरंजीवर चुळबुळ ऐकू येईल तिथं समासात तांबडी रेघ. रेघा फार झाल्या की गोष्ट परत. मग लेखक कितीही मोठा असो, त्याचा सत्कार टाऊन हॉलमध्ये झालेला असो की दिल्लीत. मुलांकडे बघायचं मात्र नाही. मूल तोंडानं खोटं बोलतं, बुडानं बोलत नाही, असं हेमचंद्रराव म्हणत, आणि नवा लेखक समोर असला की मुद्दाम दोनदा म्हणत.

या चुळबुळीपायी माणसं दुखावली होती. एक कवी तर जिन्यावर बसून रडले होते. आणि गंमत म्हणजे त्यांची कविता परत गेली ती याच चिन्मयमुळे. तेव्हा तो चौथीत होता, काकांचं बोट धरून यायचा, सतरंजीवर बसायचा आणि एका जागी काही केल्या टिकायचा नाही. हेमचंद्ररावांनी पुतण्या म्हणून त्याची चुळबुळ कधी माफ केली नव्हती. तो हलला की रेघ पडायचीच.

आता तोच चिन्मय कंपनीचा कारभारी होणार होता. संचालकांनी सत्तरी गाठली की पायउतार व्हायचं, हा नियम या दोघांनीच ऐन पन्नाशीत मोठ्या तोऱ्यात केला होता. तेव्हा सत्तरी वैजापूरच्याही पलीकडे कुठंतरी वाटत होती. आज दोघांची शेवटची बैठक होती आणि त्याच बैठकीत चिन्मयचा ठराव येणार होता. पुण्याचे भागीदार पैसा घालायला तयार होते, पण गोष्टींच्या पुस्तकांत नाही. सरावपुस्तिका काढायच्या, रंगवायच्या वह्या काढायच्या, मोबाइलवर बोलणारी अक्षरं आणायची. ही सतरंजीची खोली ध्वनिमुद्रणाला लागणार होती. भिंतींना लावायचा फोम खाली पार्किंगमध्ये येऊनही पडला होता.

बाई गेले काही महिने भांडत होत्या. पत्रं लिहून झाली, फोन करून झाले, पुण्याच्या एका मुलीनं पडद्यावर रंगीत गोल काढून दाखवले तेही बघून झाले. भांडून भांडून त्या थकल्या होत्या. कधीकधी सकाळी चप्पल घालताना आपण नेमकं कशासाठी निघालोय हेच आठवायचं नाही. मग आठवायचं, आणि त्या तेवढ्या एका गोष्टीसाठी जिना चढायच्या: शनिवार राहिला पाहिजे. बाकी चिन्मयनं काय वाटेल ते काढावं, पण मुलांना आधी विचारायचं, ही रीत मोडता कामा नये.

चिन्मय वाईट नव्हता. उलट सभ्य होता, आणि त्यामुळेच त्याच्याशी भांडणं जड जायचं. शेवटी त्यानंच तोडगा काढला होता.

"एक गोष्ट वाचा, मावशी. मुलं न हलता बसली तर गोष्टींची पुस्तकं राहतील, शनिवारही राहील. पुण्याच्या लोकांना मी समजावतो. नाही बसली, तर तुम्ही ठरावावर सही करायची आणि मनात अढी ठेवायची नाही."

बाई हो म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांच्या हाताशी संघपाल मास्तरांची शेळी सोडून दुसरं काही नव्हतं, हे त्या बोलल्या नव्हत्या.

शेळी एकदाची सोयगावच्या गाडीत बसली. बाईंनी शेवटची ओळ वाचली आणि चष्मा काढला. चिन्मयनं खुर्ची वळवली. त्यानं आपली प्रत वर धरून पानं फडफडवली. समास कोरे होते.

"हरलो, मावशी," तो म्हणाला, आणि खरंच हसला. ठराव बदलून आणतो म्हणून तो पलीकडच्या खोलीत गेला. हेमचंद्रराव मात्र बाईंकडे न बघताच उठले. चहाचं बघतो, असं काहीतरी पुटपुटत ते गॅलरीकडे निघून गेले. एरवी वाचन संपलं की ते आधी मुलांना गुळात घोळलेली गुडीशेव वाटत. वाचन संपल्यावरच वाटायची, आधी एक दाणाही नाही, हाही त्यांचाच नियम. बाईंनी कपाटावरची पिशवी काढली. पिशवी रिकामी होती, तळाशी गुळाचा चुरा तेवढा होता.

त्या पिशवीत बघत असतानाच सतरंजीवरून आवाज आला. पहिल्या ओळीतली छोटी संस्कृती अजून मांडी घालून ताठ बसली होती. बाकीची मुलंही तशीच बसलेली होती.

"बाई, आता हललं तर चालंल का?"

बाई तिच्याजवळ जाऊन खाली बसल्या.

"कुणी सांगितलं होतं गं हलायचं नाही म्हणून?"

"त्या आजोबांनी. जिन्यात गुडीशेव दिली अन् म्हणले, बाईंचा आज शेवटचा दिस हाय, जो हलंल त्यानं बाईंना रडवलं." मग तिनं पाय पुढं केला. "मला लई मुंग्या आल्यात."

बाईंनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागल्या. पोटऱ्या दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. एवढंसं लेकरू, केवढं नेटानं बसलं होतं. बाईंना भडभडून आलं, आणि त्याच वेळी हेमचंद्ररावांचा संतापही आला.

"शेळी बोलायला लागली तेव्हा कंटाळा आला होता?" त्यांनी विचारलं.

संस्कृतीनं आधी गॅलरीकडे बघितलं. मग मान हलवली.

"व्हय. लई."

मुलं धडधडत जिना उतरून गेल्यावर बाई गॅलरीत गेल्या. हेमचंद्रराव कठड्याला धरून खाली बघत उभे होते. चहा कुठंच नव्हता. आयुष्यभर ज्या माणसानं मोठमोठ्या लेखकांना दारातून परत पाठवलं, तो आता शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा खाली मान घालून उभा होता.

"तुम्ही केलंत हे?" बाई म्हणाल्या.

"तुम्ही किती दमल्यात, ते बघवेना." त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलं. "आणि शेळीचं भाषण मीही वाचलं होतं."

"मग?"

"मग काय. मुलं हलली असती."

बाईंना वाटलं होतं आपण ओरडू. पण रागाचा जोर कधी ओसरला ते कळलंही नाही. हा माणूस आपल्यासाठी खोटं वागला, तेही सगळी हयात ज्या एका खरेपणाचा त्यानं डंका पिटला तोच मोडून. त्याचं काय करायचं असतं? रागवायचं की उपकार मानायचे?

"कुणाला बोलू नका आता," हेमचंद्रराव हलकेच म्हणाले. "चिन्मयनं ठराव बदलला. शनिवार राहिला ना? पदरात पडलंय ते घ्या."

"आपण त्या कवींना जिन्यावर रडू दिलं, हेमचंद्रराव."

एवढंच बोलून त्या आत गेल्या.

बैठकीला तिघंच होते. पुण्याच्या भागीदारांनी आपलं मत आधीच कळवलं होतं. टेबलावर शेंगदाण्याचे लाडू होते आणि दोघांसाठी एकेक शाल घडी करून ठेवली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून न काढलेली. चिन्मयनं बदललेला कागद वाचायला घेतला, तेवढ्यात बाईंनी हात वर केला.

"आजचं वाचन धरू नकोस. मुलांना हलू नका म्हणून आधीच सांगितलेलं होतं."

चिन्मय त्यांच्याकडे बघत राहिला.

"कुणी सांगितलं?"

"आमच्याकडून झालं."

हेमचंद्ररावांनी शालीच्या पिशवीची कड बोटानं सरळ केली. चिन्मयनं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. त्याला काय कळायचं ते कळलं असावं. बदललेला कागद त्यानं बाजूला ठेवला आणि फाइलमधून जुना काढला.

"मग हा वाचावा लागेल, मावशी."

"वाच की. ठरलंच होतं तसं."

बाईंनी पाठ खुर्चीला टेकवली. हरल्याचं दुःख होतंच, छातीत दगड ठेवल्यासारखं. पण आता उद्यापासून जिना चढायचा नाही, या विचारानं त्याच छातीत थोडं मोकळंही वाटत होतं, आणि त्या मोकळेपणाची त्यांना लाजही वाटली. त्यांनी ठरवलं, हा ठराव संपेपर्यंत गप्प बसायचं. तोंड वाकडं करायचं नाही. पोरीला जमलं ते आपल्याला का जमू नये?

चिन्मय वाचू लागला. आधी दोघांचे आभार होते. त्यांनी केलेल्या अमूल्य कार्याची नोंद होती, दीपस्तंभ होता, वटवृक्ष होता. बाई हलल्या नाहीत. मग बदलत्या काळाचं आव्हान आलं, बालवाचकांच्या बदलत्या गरजा आल्या, आशयाचा बहुमाध्यमी विस्तार आला. हेमचंद्ररावांनी डोळे मिटून घेतले होते. बाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"सबब, या बैठकीच्या दिनांकापासून कथापुस्तकांचे प्रकाशन व तदनुषंगिक शनिवारचे वाचन बंद करण्यात—"

बाईंची खुर्ची करकरली.

आवाज एवढासा होता. बाईंना स्वतःलाही आधी कळलं नाही की आपण हललो. त्यांचा पाय चपलेतून निघून पुन्हा चपलेत शिरला होता, इतकंच.

चिन्मय थांबला. त्यानं मान वर केली नाही, बाईंकडे बघितलंही नाही. मघाची तांबडी पेन्सिल त्याच्या खिशालाच अडकवलेली होती. ती काढून त्यानं ठरावाच्या समासात, त्या ओळीसमोर, एक रेघ मारली. पेन्सिलीच्या आवाजानं हेमचंद्ररावांनी डोळे उघडले.

चिन्मय बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. मग ठराव पुढं न वाचता, सही न मागता परत फाइलमध्ये ठेवून त्यानं फाइल मिटली आणि लाडवांची ताटली बाईंच्या पुढं सरकवली.