हिवरगढीची जनानी बाग

नरडाण्याच्या पलीकडे नदीच्या उंच दरडीवर हिवरगढी उभी होती. चार बुरूज, तीन बाजूंना खंदक आणि चौथ्या बाजूला नदी. तिच्या पोटातली बाग गावातल्या कुणीही आतून पाहिलेली नव्हती. बाहेरून दिसत ते फक्त तटावरून डोकावणारे खिरणीचे शेंडे आणि एका जुन्या बकुळीचा माथा.

गढी बांधणाऱ्या ठाकुरांनी माळव्यातून आलेल्या आपल्या राणीसाठी ही बाग लावली, असे सांगत. राणीला पडदा होता. तिला बाहेर जाता येत नव्हते, म्हणून ठाकुरांनी बाहेरचे सगळे आत आणले. विहिरीवरच्या मोटेचे पाणी खापराच्या नळांतून अष्टकोनी हौदात पडे आणि तिथून दगडी पाटांनी झाडांच्या मुळाशी जाई. मधोमध कमळाच्या आकाराचे कारंजे होते. नदीकडच्या तटात दगडी जाळी होती. जाळीतून घाट दिसे. घाटावरून मात्र जाळीमागचे माणूस दिसत नसे.

सुंदरबाई लहान वयात मेण्यात बसून या गढीत आल्या, आणि त्यानंतर दरवाजाबाहेर पायी कधी गेल्याच नाहीत. पती वारले, मूलबाळ नव्हते. पुढे स्वातंत्र्य आले, इनामे गेली, नोकरचाकर गेले. पडदा तेवढा राहिला. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. दूध घालायला येणारी बेबाबाई हीच त्यांची बाहेरच्या जगाची खबर.

एका हिवाळ्यात धुळ्याहून त्यांचा पुतण्या धनसिंग आला. तो वकिली करायचा. सोबत रुपचंदशेठ होते, कापसाचे व्यापारी. शेठ ओसरीवर बसले आणि धनसिंग आत येऊन म्हणाला, "काकीसाहेब, शेठना कापसाची सरकी काढायच्या जिनिंगसाठी जागा हवी आहे. बागेत ती मावते. झाडं ते स्वतः काढतील. तुम्हाला धुळ्याला आमच्याकडे घेऊन जातो. इथं एकट्या किती दिवस काढणार?"

धनसिंग वाईट नव्हता. काकीची काळजी त्याला खरोखर होती. सुंदरबाई म्हणाल्या, "बागेत चालून बघू दे. मग सांगते."

"नव्या कायद्यानं जागा तुमच्या मालकीची आहे. तुमच्या सहीशिवाय काही होत नाही," तो म्हणाला. हे त्याने त्यांना धीर द्यायला सांगितले होते. पण सुंदरबाईंच्या मनात ते वाक्य वेगळ्याच ठिकाणी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी बेबाबाई दूध घेऊन आली. नेहमी ती मागच्या दाराने स्वयंपाकघरापर्यंतच येई. सुंदरबाईंनी तिला सांगितले, "भांडं ठेव आणि माझ्याबरोबर चल."

बागेच्या कमानीपाशी बेबाबाईने चपला काढल्या, देवळात शिरावे तशा. हौदाशी येऊन ती नुसती उभी राहिली. कारंजे कधीचे बंद होते, पण हौदात पाणी होते आणि त्यावर बकुळीची फुले पडली होती. तिने ओंजळभर फुले उचलली आणि पदरात बांधली.

"गावात काय म्हणतात गं या बागेला?" सुंदरबाईंनी विचारले.

"आमले काय ठावं, बाईसाहेब? बाहेरथून हिरवंगार दखास. बठ्ठ्या बाया म्हनतस, राणी सुखमा शे."

"सगळ्या म्हणतात, सुखात आहे?" असे पुटपुटत सुंदरबाई तिला जाळीपाशी घेऊन गेल्या. खाली घाटावर बायका धुणे धूत होत्या. एकीने दुसरीवर पाणी उडवले, तशा सगळ्या हसल्या. हसण्याचा आवाज वरपर्यंत आला.

"लग्न होऊन आले तेव्हापासून मी इथं उभी राहते," सुंदरबाई म्हणाल्या. "तुझ्या सासूला ओळखत होते मी. तिच्या हिरव्या लुगड्यावरून. ती कधी आली नाही तर दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं."

सासू जाऊन बरीच वर्षे झाली होती. वर कुणी आपली वाट बघते हे त्या माउलीला कधी कळलेच नव्हते. बेबाबाईने डोळ्यांना पदर लावला आणि मग हळूच म्हणाली, "मंग खाले उतरी येवानं, बाईसाहेब."

इतके सोपे कुणी कधी बोलले नव्हते.

धनसिंग परत आला तेव्हा सुंदरबाईंनी सांगितले, "बाग विकायची नाही. गावाला द्यायची. सरपंच चुडामण आबांना बोलावून घे."

धनसिंग थक्क झाला. "जनानी बाग गावाला? घराण्याची अब्रू काय राहील?"

"झाडं तोडून तिथं सरकीचे ढीग लागले असते, तर राहिली असती?"

धनसिंग रागावूनच गेला, पण कागद त्यानेच तयार करून पाठवले आणि त्यात चूक ठेवली नाही.

सरपंच चुडामण आबा वयस्क शेतकरी होते. पोरवयात याच खंदकाच्या काठी चिंचा वेचताना गढीच्या शिपायाचा मार त्यांनी खाल्ला होता. पडद्याबाहेर बसून त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, "तुमची अट काय, बाईसाहेब?"

"झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. आणि दरवाजा दिवसा बंद करायचा नाही."

पाडव्याला दरवाजा उघडायचे ठरले. गाव जमले. बिजागऱ्यांना तेल घातले होते, तरी फळ्या करकरत उघडल्या. पण आत कुणी येईना. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. बायका खंदकावरच्या पुलाच्या अलीकडेच थांबल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची भीती होती. एका दिवसात कशी जाणार?

सुंदरबाई कमानीआडून बघत होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत मागे घेतला आणि त्या उजेडात आल्या. दरवाजा ओलांडला, पूल ओलांडला. ऊन इतके होते की त्यांना क्षणभर काही दिसले नाही. मग बेबाबाई दिसली. त्यांनी तिचा हात धरला.

"चल," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनाही बोलाव."

बेबाबाईमागे बायका आल्या, बायकांमागे पोरे आणि शेवटी पुरुष. चुडामण आबा कमानीत जरा थांबले, टोपी नीट केली, मग आत गेले.

सगळे गोडच झाले असे नाही. पहिल्याच उन्हाळ्यात खिरण्या कच्च्या असतानाच ओरबाडल्या गेल्या, आणि कुणीतरी दगड मारून कारंज्याची एक पाकळी फोडली. सुंदरबाई दोन दिवस बागेत फिरकल्या नाहीत. बेबाबाईने मात्र पाकळी फोडणाऱ्या पोराच्या आईला शोधून काढले आणि तिला महिनाभर हौदाभोवती झाडायला लावले. पुढे बायकांनीच पाळ्या लावल्या. दुपारी बकुळीखाली वाती वळायला त्या जमू लागल्या. सुंदरबाई त्यांच्यात बसत. लेकीसुना त्यांना अक्का म्हणू लागल्या.

मग एक दिवस त्या बेबाबाईबरोबर एसटीने धुळ्याला गेल्या. धनसिंगने दार उघडले, तर काकी उंबऱ्यात उभ्या. चेहऱ्यावर धूळ, हातात खिरण्यांची टोपली.

"बसायला जागा मिळाली का?" एवढेच त्याला विचारता आले.

"नाही मिळाली. उभ्यानंच आलो," सुंदरबाई म्हणाल्या आणि हसत हसत आत शिरल्या.