ब्याण्णव नंबरने पाहिलेली शेवटची दहा मिनिटं

मित्रांनो, माझ्या पाठीवर ब्याण्णव हा आकडा आहे. त्या आकड्याच्या वर, जिथे खेळाडूचं नाव असतं, तिथे काही नाही. नाव खोडलेलं नाही, उसवलेलंही नाही. ते कधी लिहिलंच गेलं नाही. मी एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाची जुनी जर्सी आहे. संघाची आपली म्हणायला. संघाच्या एकाही फोटोत मी नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. आमच्या गठ्ठ्यातल्या बाकीच्या जर्सी नावं छापून घ्यायला पलीकडच्या टेबलावर गेल्या. मी माझी पाळी येण्याची वाट पाहत राहिले. शेवटी एका बाईने मला घडी घालून पिशवीत सरकवलं आणि शेजारणीला म्हणाली, "ही बिननावाचीच जायची. तात्पुरत्यांसाठी आहे." आयुष्यात माझ्याविषयी झालेलं हे पहिलं बोलणं. पुढे त्यात फारशी भर पडली नाही.

तात्पुरते म्हणजे कोण, ते सांगते. खरा हंगाम सुरू होण्याआधी संघ काही प्रदर्शनी सामने खेळतो. या सामन्यांचे गुण कुठेही धरत नाहीत. मोठे खेळाडू थोडा वेळ खेळून घाम आला की बाहेर येतात आणि गुडघ्यांवर बर्फ ठेवून मोबाइल बघत बसतात. उरलेला वेळ चाचणीला बोलावलेल्या नव्या पोरांना मिळतो. त्यातल्या एकाच्या अंगावर मी असते. पोराची निवड झाली, तर त्याला नवी जर्सी मिळते, नावाची, लहानशा आकड्याची. निवड झाली नाही, तर तो घरी जातो. म्हणजे पास झाला तरी तो मला उतरवतो आणि नापास झाला तरी उतरवतो. मला आजवर कोणी वाईट वागवलेलं नाही. पण मला ठेवून घेण्यासाठी कोणी भांडलंही नाही.

बाकी वर्षभर मी कपड्यांच्या खोलीत एका पत्र्याच्या ट्रंकेत असते. पूर्वी माझ्या शेजारी एक्क्याण्णव नंबर असायची. ती काखेत फाटली. आता तिने खोलीतल्या फळ्या पुसतात. अधूनमधून ती ट्रंकेच्या झाकणावरूनही फिरते. मला आतून ओळखू येते. बोलणं होत नाही.

कपड्यांची खोली मावशी सांभाळतात. त्या कोणाच्याच मावशी नाहीत, म्हणून सगळ्यांच्या आहेत. त्यांचं एक शास्त्र आहे. जो पोरगा घामेजलेली जर्सी सुलटी करून टोपलीत टाकतो, तो संघात राहणार. जो उलटीच भिरकावतो, तो जाणार. मावशी हे इतक्या ठामपणे सांगतात की सहायक प्रशिक्षकही जाता जाता विचारतात, "काय मावशी, यंदा कोण?" मावशींचा अंदाज जितक्या वेळा बरोबर येतो तितक्याच वेळा चुकतो. मुख्य प्रशिक्षकांचंही तसंच आहे. फरक इतकाच की त्यांच्या गळ्यात शिट्टी असते.

आता तुम्ही विचाराल, तू तर पोरांच्या अंगावरच असतेस, तुला तरी कळत असेल. तर नाही. छाती किती धडधडते ते मला कळतं, पण धडधडणाऱ्यांतले काही टिकले आणि शांत होते त्यांतले काही गेले. मला नेमकी कळते ती एकच गोष्ट. पोराची मान कुठे वळते ते माझ्या गळ्याला कळतं.

एका वर्षी मी ज्याच्या अंगावर होते, त्याला संघात बुटका म्हणत. घरी हा मुलगा प्रत्येक दारातून वाकून जायचा. इथे आला आणि सगळ्यांच्या खांद्याला लागला. पहिल्याच दिवशी कप्तान त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "नवा पोरगा अजून आला नाही वाटतं?" सगळे हसले, बुटकाही हसला. तो हसला तेव्हा त्याची छाती कशी आवळली, ते फक्त मला कळलं.

बुटक्याची ताई एका शाळेत शिकवत होती. तिच्या शाळेला खेळाचा शिक्षक हवा होता आणि तिने भावासाठी शब्द टाकून ठेवला होता. कपडे बदलायच्या खोलीत तिचा फोन यायचा. "अरे, मुख्याध्यापक रोज विचारतात. मी आता काय सांगू त्यांना? माझा भाऊ उड्या मारतोय म्हणून?"

"ताई, शेवटचा सामना होऊ दे. संघात एकच जागा आहे. मिळाली तर मिळाली."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर येतो. पण आधी बघू तरी दे ना, मी इथे बसतो का ते."

पहिल्या सामन्यात बुटक्याने सत्तावीस गुण केले. समोर कोण होतं, तेही सांगायला हवं. प्रतिस्पर्ध्यांचे मोठे खेळाडू बर्फ घेऊन बसले होते आणि बुटक्याला अडवायला जो पोरगा होता तो आदल्या संध्याकाळी आला होता. त्याला स्वतःच्या सोबत्यांची नावंही माहीत नव्हती. तो सगळ्यांना "ए, अरे" म्हणत होता. पण आमच्या वर्तमानपत्राला हंगामाआधी दरवर्षी एक तारा उगवावा लागतो, कारण त्या दिवसांत खेळाच्या पानावर दुसरं काही नसतं. दुसऱ्या दिवशी बुटका उगवला. मावशींनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. बुटक्याने ती पुन्हा स्वतः वाचली, उभ्यानेच.

आणि तेव्हापासून त्याची मान वळायला लागली.

प्रशिक्षकांची खुर्ची कोर्टाच्या डाव्या अंगाला होती. बुटक्याने बास्केट केली की त्याची मान डावीकडे. चेंडू हातून सुटला की मान डावीकडे. एकदा तर तो आपटला आणि उठण्याआधी, आडवा असतानाच, मान डावीकडे. चेंडू इकडे चाललाय आणि हा तिकडे बघतोय. अर्थात पुढच्या दोन सामन्यांत त्याचं नाव वर्तमानपत्रात आलं नाही. माझा गळा मात्र डाव्या बाजूने सैल झाला. मावशींना वाटलं, धुण्यात गेला.

शेवटचा सामना दुपारी होता. हंगाम त्याच आठवड्यात सुरू व्हायचा होता, म्हणून समोरच्या संघाने या वेळी आपले खरे पाच जण शेवटपर्यंत खेळवायचं ठरवलं होतं. चौथा डाव सुरू होण्याआधी प्रशिक्षकांनी बुटक्याला जवळ बोलावलं.

"बुटक्या, माझ्या तोंडावर काही लिहिलंय का?"

"नाही सर."

"मग दर वेळी काय वाचतोस? आता शेवटची दहा मिनिटं तू खेळणार आहेस. एकदा जरी माझ्याकडे बघितलंस ना, तिथल्या तिथे बाहेर काढीन."

"हो सर."

"हो म्हणतानाही बघू नकोस."

मित्रांनो, मी खूप पोरांच्या अंगावर खेळले आहे. पण त्या दहा मिनिटांसारखं मी काही पाहिलेलं नाही. बुटका पळत होता आणि माझा गळा पहिल्यांदा जागच्या जागी होता. समोरचा एक पहाडासारखा गडी, खरा, वर्तमानपत्राशिवायही प्रसिद्ध असलेला. तो जिथे वळायचा तिथे बुटका त्याच्या आधी पोचलेला असायचा. एकदा त्याचा कोपर माझ्या आकड्यातल्या नऊवर इतक्या जोरात बसला की आम्ही दोघं लाकडी जमिनीवर घसरत गेलो. बुटका उठला आणि सरळ आपल्या जागेवर पळाला. मान कुठेही वळली नाही. सोबत्याला कळायच्या आत चेंडू सोबत्याच्या हातात देत होता, मागून कोण येतंय ते ओरडून सांगत होता. त्याने स्वतः एकच बास्केट केली. कागदावर दोन गुण लागले. बाकीचं लिहायला कागदावर रकाना नसतो.

छातीवरच्यासारखा आकडा माझ्या पाठीवरही आहे, त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसतं. म्हणून मला दिसलं, की डाव सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि प्रशिक्षकांचा फोन वाजला. ते उठले, फोन कानाला लावला आणि बोळातून बाहेर गेले. खुर्चीवर त्यांचा टॉवेल राहिला.

मला वाटलं, येतील आता.

सहायक प्रशिक्षक कप्तानाच्या गुडघ्याला बर्फ बांधत होते. कप्तानाने कानात गाणी घातली होती. कॅमेरेवाला आपला ट्रायपॉड आवरत होता, कारण प्रदर्शनी सामन्याचा चौथा डाव टिपायची पद्धत नव्हती. तो पुन्हा बघणार कोण? प्रेक्षक गर्दीच्या आधी गाड्या बाहेर काढायला निघाले होते. एक म्हातारे गृहस्थ बसून होते, पण ते झोपले होते. मला ओरडावंसं वाटलं, की अहो, कोणीतरी बघा! पण आम्हा जर्सींना तोंड नसतं. छातीवर एका गादीवाल्या कंपनीचं नाव असतं, तेवढंच आम्ही जगाला ओरडून सांगतो.

बुटक्याला यातलं काही माहीत नव्हतं. बघायचं नाही असं सांगितलं होतं आणि तो बघत नव्हता.

शेवटचा भोंगा वाजला. प्रशिक्षक बोळातून परत आले आणि खुर्चीवरचा टॉवेल उचलला. मग बुटक्याला आपल्या छोट्या खोलीत नेलं. मी अजून त्याच्या अंगाला ओली चिकटलेली होते. प्रशिक्षकांनी सांगितलं, की जागा भरली. दुसऱ्या एका संघाने सोडलेला अनुभवी खेळाडू मिळाला. आत्ताच फोनवर ठरलं.

बुटक्याने माझ्या टोकाने तोंड पुसलं. मग म्हणाला, "सर, शेवटची दहा मिनिटं बघितलीत ना?"

प्रशिक्षकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. शेजाऱ्यांचं तान्हं बाळ समोर धरलं की आपण गोड आहे म्हणतो, तसं ते म्हणाले, "बघितली की. फार छान खेळलास."

"त्याहून चांगलं मला येत नाही, सर."

"छे, छे, छानच होतं."

"तरी नाही?"

"तरी नाही रे. काय करणार."

माझ्या आतली धडधड हळूहळू कमी झाली. आधी मला वाटलं, बरं झालं, पोरगा शांत झाला. मग लक्षात आलं, की हे काही शांत होणं नाही.

बाहेर येऊन त्याने ताईला फोन लावला. "मुख्याध्यापकांना हो सांग."

"अरे, नीट विचार केलास ना? पुढच्या वर्षी पुन्हा..."

"नाही गं. वाईट खेळून नापास झालो असतो तर पुन्हा आलो असतो. चांगलं खेळलो. सरांनी सगळं बघितलं. तेवढ्यात नाही भागत."

मग त्याने मला उतरवलं, सुलटं केलं, घडी घातली आणि टोपलीत न टाकता मावशींच्या हातात दिलं. मावशींचा चेहरा फुलला. "अगं बाई, घडीसुद्धा? राहिलास बघ तू!"

"हो मावशी," बुटका म्हणाला आणि गेला.

मी ट्रंकेत गेले. हंगाम सुरू झाला. वरून पावलांचे, भोंग्यांचे आवाज येत. माझ्या अंगाला त्याच्या घामाचा वास होता, तो धुण्यात गेलाच होता, पण मी आठवून आठवून टिकवला.

हंगाम निम्मा झाला असेल. एके सकाळी प्रशिक्षक कपड्यांच्या खोलीत आले. त्यांना फोन करायचा होता आणि अख्ख्या इमारतीत शांत जागा म्हणजे आमचीच. ते माझ्या ट्रंकेवर बसले. पत्रा कुरकुरला.

"बुटक्या, मी बोलतोय... हो, मीच. अरे, तो अनुभवी गेला आमचा. गुडघा. तू उद्या येऊ शकशील?... शाळा? हो, पण शाळा काय, पळून जाणार आहे का?... नाही, असं कसं म्हणतोस?... कुठली दहा मिनिटं?"

मग पलीकडून बुटक्याने त्यांना आठवण करून दिली.

"हां. ती. हो, बघितली म्हणालो होतो मी."

मित्रांनो, मी ट्रंकेत श्वास रोखून धरला. आता ते सांगणार. दोनच शब्द होते. नाही बघितली. त्या दोन शब्दांवर तो पोरगा धावत आला असता.

"छानच होती ती," प्रशिक्षक म्हणाले. "म्हणूनच तर बोलावतोय... बरं. बरं. नाही, मनात ठेवणार नाही. पोरांना नीट शिकव."

फोन ठेवल्यावरही ते उठले नाहीत. पत्र्याच्या वर ते आणि खाली मी, असे आम्ही बसून राहिलो. ती दहा मिनिटं आम्हा दोघांपैकी एकीनेच पाहिली होती आणि ती घडी घातलेल्या अवस्थेत होती.

त्यानंतर बऱ्याच पोरांनी मला घातलं. प्रत्येक जण पहिल्या दिवशी गळा चाचपतो आणि म्हणतो, "मावशी, ही डावीकडून सैल आहे." मावशी एक टाका घालतात. तो थोड्या दिवसांत निघतो, कारण प्रत्येकाची मान वळतेच. माझा रंग आता उडाला आहे. पुढच्या वर्षी मीही एक्क्याण्णवबरोबर फळ्या पुसत असेन. निदान सोबत होईल.

मित्रांनो, मला मरण्याआधी नाव छापून द्या, असं माझं म्हणणं नाही. मला थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, एवढं पुरे. पण कधी कोणी तुमच्यासमोर खेळत असेल, गुण कुठेही धरत नसले तरी, तर शेवटपर्यंत बसा. उठावं लागलं तर उठा, माणसांना कामं असतात. मात्र नंतर त्याने येऊन विचारलं, की बघितलंत ना, आणि तुम्ही बघितलं नसेल, तर बघितलं नाही असं सांगा. त्याला वाईट वाटेल. पण तो पुन्हा खेळून दाखवायला येईल.